चोरलेल्या गाडीतून दिसणारे शहर

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे डंडी हे शहर शतकभर तागावर जगले. कच्चा ताग बंगालमधून बोटींनी यायचा, डंडीच्या गिरण्यांत त्याची पोती आणि गोणपाट व्हायचे आणि ते जगभर रवाना व्हायचे. पुढे हुगळीच्या काठावरच गिरण्या उभ्या राहिल्या आणि डंडीचा धंदा ओसरत गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर शहराला काम दिले ते टाइमेक्सच्या घड्याळांच्या कारखान्याने. १९८०च्या दशकात त्याच कारखान्यात सिंक्लेअरचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा स्वस्त घरगुती कॉम्प्युटर तयार होऊ लागला आणि गिरणी कामगारांच्या नातवंडांच्या हाती कॉम्प्युटर आला. डेव्हिड जोन्स हा टाइमेक्समधलाच एक तरुण. नोकरी सोडताना मिळालेल्या रकमेतून त्याने अमिगा कॉम्प्युटर घेतला, गावातल्या कॉम्प्युटर क्लबमधल्या मित्रांना जमवले आणि १९८७ मध्ये 'डीएमए डिझाइन' ही कंपनी काढली. १९९१च्या 'लेमिंग्ज' या व्हिडिओ गेमने त्यांचे नाव जगभर नेले. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑक्टोबर १९९७ मध्ये, याच कंपनीचा 'ग्रँड थेफ्ट ऑटो', म्हणजेच जीटीए, बाजारात आला.

सुरुवात डंडीपासून करण्याचे कारण आहे. जीटीए ही मालिका अमेरिकन आहे असे बहुतेक खेळणारे धरून चालतात. लिबर्टी सिटी म्हणजे न्यूयॉर्क, व्हाइस सिटी म्हणजे मायामी, लॉस सँटोस म्हणजे लॉस एंजेलिस. पण ही अमेरिका उभी केली ती गिरण्या बंद पडलेल्या एका स्कॉटिश गावातल्या मुलांनी आणि लंडनमध्ये वाढलेल्या सॅम आणि डॅन हाउझर या भावांनी. या भावांची आई जेराल्डिन मोफॅट ही अभिनेत्री. 'गेट कार्टर' या गाजलेल्या ब्रिटिश गुन्हेपटात तिने काम केले होते. या सगळ्यांना अमेरिका आधी भेटली ती सिनेमात, गाण्यांत आणि टीव्हीवरच्या मालिकांत. म्हणून त्यांनी रचलेली अमेरिका खरीपेक्षा भडक आहे, देखणी आहे आणि निर्दयही आहे. बंदुकांच्या दुकानाची रेडिओवरची जाहिरात अमेरिकन माणसाच्या कानावरून निघून जाते. पाहुण्याला ती थांबून ऐकावीशी वाटते. जीटीएच्या लेखकांकडे हा पाहुण्याचा कान होता.

या मालिकेवर आजवर जे लिहिले गेले त्यातले बरेचसे गुन्ह्याविषयी आहे. चोरी, गोळीबार, पोलिसांचा पाठलाग हे तिच्यात आहेच आणि ते झाकण्याचे काही कारण नाही. पण पहिल्या भागापासून आजवरचे भाग ओळीने पाहिले तर या लोकांनी खरोखर घडवले ते शहर, हे माझे ठाम मत झाले आहे. नायक बदलले, गोष्टी बदलल्या, हत्यारे तर कधीच महत्त्वाची नव्हती. वाढत गेले ते शहर. गुन्हा ही त्या शहराला बोलते करण्याची सर्वांत जलद रीत होती, म्हणून त्यांनी ती निवडली. या पुस्तकातली पुढची सगळी प्रकरणे याच मतावर उभी आहेत.

मुळात काम सुरू झाले ते गुन्हेगारांच्या बाजूने नव्हतेच. १९९५ मध्ये डीएमएत ज्या खेळाचा आराखडा तयार झाला त्याचे नाव होते 'रेस एन चेस'. वरून दिसणारे शहर, पळणाऱ्या गाड्या, एकीकडे पोलीस आणि दुसरीकडे दरोडेखोर, अशी योजना. खेळणाऱ्याला पोलीसही होता येणार होते. अडचण अशी आली, की पोलीस व्हायचे तर सिग्नल पाळावा लागे, पादचाऱ्यांना जपावे लागे आणि त्यात कुणाचे मन रमेना. काम रखडत गेले. मग एके दिवशी पोलिसांच्या गाड्या चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काहीतरी बिनसले. त्या गाड्या खेळणाऱ्याच्या बाजूने वाट काढण्याऐवजी सरळ त्याच्या गाडीतून आरपार जायला पाहू लागल्या आणि त्यामुळे बेभान होऊन येऊन आदळू लागल्या. चाचणी करणाऱ्यांना एवढी मजा त्याआधी कधी आली नव्हती. संघाने तो दोष दुरुस्त करण्याऐवजी त्याच्याभोवती खेळ बांधला.

ही हकीकत अनेकदा सांगितली जाते, पण तिच्यातला खरा मुद्दा सहसा सुटतो. त्या दिवशी शहराने पहिल्यांदा खेळणाऱ्याला उत्तर दिले. तोवर रस्ते, इमारती आणि माणसे हा नुसता पट होता. आता तुम्ही काही केले की शहर तुमच्यावर धावून येत होते. निर्मितीत सहभागी असलेल्या गॅरी पेन यांनी पुढे सांगितले, की त्यांच्या डोळ्यांसमोर १९८४चा 'एलिट' होता. त्या खेळात अंतराळात व्यापार करा, चाचेगिरी करा, नाही तर नुसते भटका. अमुकच करा असे कुणी सांगत नसे. ते मोकळेपण अंतराळातून उचलून रस्त्यावर आणायचे, ही पेन यांची दिशा.

पहिला जीटीए आज पाहिला तर गरीब वाटतो. सगळे वरून दिसते, माणसे मुंगीएवढी. गुण जमवायचे, ठरावीक आकडा गाठला की पुढचे शहर. तरी त्यातल्या दोन गोष्टींपुढे मला नतमस्तक व्हावेसे वाटते. गाडीचा वेग वाढला की कॅमेरा आपोआप उंच जायचा, म्हणजे जितके जोरात पळाल तितके शहर जास्त दिसायचे. आणि गाडीत बसले की रेडिओ लागायचा. ती गाणी डीएमएच्या संगीतकारांनी स्वतः केलेली होती आणि गाडी कोणती यावर ती बदलत. पिकअप ट्रकमध्ये कंट्री संगीत वाजे. गाडी कुणाची असेल हे ऐकून कळावे, इतका बारीक विचार १९९७ मध्ये कुणी केला होता. त्याच खेळात एक गोष्ट अशीही होती, की रस्त्याने रांगेत चाललेले हरे कृष्ण भक्त एकजात गाडीखाली घेतले तर पडद्यावर 'गौरांग' अशी अक्षरे येऊन मोठे बक्षीस मिळे. चैतन्य महाप्रभूंचे नाव अशा जागी वापरणे मला तेव्हाही असभ्य वाटले असते, आजही वाटते. कलाकृतीवर प्रेम असले म्हणून तिचे सगळे पोटात घालता येत नाही.

त्या खेळाला वादाने मोठे केले, आणि वाद आपोआप पेटला नव्हता. प्रकाशकांनी मॅक्स क्लिफर्ड हा ब्रिटनमधला नामांकित प्रसिद्धी सल्लागार नेमला होता. खेळ बाजारात येण्याआधी, मे १९९७ मध्येच, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्यावर प्रश्न विचारला गेला. वृत्तपत्रांनी संताप छापला आणि विक्री वाढली. पुढची पंचवीस वर्षे हाच क्रम पुन्हा पुन्हा घडत राहिला.

नंतरच्या घडामोडी थोडक्यात सांगतो. बीएमजी या मूळ प्रकाशकाचा गेम विभाग १९९८ मध्ये टेक-टू या कंपनीने घेतला, तिथे काम करणारे सॅम आणि डॅन हाउझर न्यूयॉर्कला गेले आणि वर्षअखेर रॉकस्टार गेम्सची स्थापना झाली. १९९९ मध्ये लंडनवरचा पुरवणी भाग आला आणि दुसरा जीटीए आला. डीएमएही हात बदलत टेक-टूकडे आली, एडिनबराला हलली आणि रॉकस्टार नॉर्थ झाली. डेव्हिड जोन्स तोपर्यंत बाहेर पडले होते.

ऑक्टोबर २००१ मधल्या तिसऱ्या भागापाशी मात्र थांबायलाच हवे. कॅमेरा आकाशातून खाली उतरला आणि माणसाच्या पाठीमागे येऊन उभा राहिला. नुसत्या या एका हालचालीने व्हिडिओ गेमचा इतिहास बदलला, असे म्हणताना मी हात आखडता घेत नाही. तयारी आधीपासून चालू होती. डीएमएच्याच 'बॉडी हार्व्हेस्ट'मध्ये १९९८ साली मोकळ्या त्रिमितीय मैदानात दिसेल त्या गाडीत बसता येत होते. लेस्ली बेंझीस यांचा गट, चित्रकार आरन गार्बट, प्रोग्रॅमर ऑब्बे व्हर्मे आणि अ‍ॅडम फाउलर ही मंडळी आता एकत्र आली.

प्लेस्टेशन २ची मेमरी ३२ मेगाबाइट होती. तेवढ्यात आख्खे शहर मावणे शक्यच नव्हते. म्हणून खेळणारा जिथे असेल तेवढाच भाग डीव्हीडीवरून सतत उचलायचा आणि मागचा पुसत जायचा, अशी पद्धत बसवली. एका वेळी थोड्याच गाड्यांची मॉडेल्स मेमरीत राहत. म्हणून तुम्ही एखादी दुर्मीळ गाडी मिळवली की अचानक रस्त्यावर तशाच गाड्या दिसू लागायच्या. खेळणाऱ्यांना ती जादू वाटे किंवा चूक वाटे. प्रत्यक्षात ती काटकसर होती. गाडी फार वेगाने पळाली तर पुढचा रस्ता डीव्हीडीवरून वेळेत पोचत नसे, म्हणून वेग कमी व्हावा अशा बेताने काही रस्त्यांची आखणी बदलावी लागली. शहराच्या आखणीवर तबकडीच्या गतीने हुकूम चालवला, असे नगररचनेच्या इतिहासात दुसरे उदाहरण नसेल. चंद्राची गोष्ट तर मला फार आवडते. चंद्र केवढा असावा यावर चित्रकारांचे एकमत होईना, तेव्हा व्हर्मे यांनी दुर्बिणीच्या बंदुकीने चंद्रावर गोळी झाडली की तो लहान-मोठा होईल अशी सोय करून दिली, म्हणजे सगळ्यांनी बघून ठरवावे. निर्णय राहून गेला आणि ती सोय तशीच लोकांपर्यंत पोचली.

रॉकस्टारची कचेरी मॅनहॅटनच्या दक्षिण भागात होती. ११ सप्टेंबरचा हल्ला तिथून जवळच झाला. खेळ काही आठवडे पुढे ढकलला गेला. पोलिसांच्या गाड्यांचा रंग न्यूयॉर्क पोलिसांसारखा निळा-पांढरा होता, तो काळा-पांढरा केला. काही संवाद आणि विमानाचा एक मार्ग बदलला. अशा दिवसांत न्यूयॉर्कची ही काळवंडलेली प्रतिकृती लोकांच्या घरी पोचली आणि त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलेला व्हिडिओ गेम ठरली. नायक क्लॉड एक शब्द बोलत नाही. बोलते ते शहर: पादचारी एकमेकांवर खेकसतात, 'चॅटरबॉक्स' या रेडिओ केंद्रावर लाझलो विक्षिप्त श्रोत्यांचे फोन घेत असतो, पाऊस आला की माणसे पळतात. टॅक्सी चालवून भाडी मारता येत, रुग्णवाहिका चालवून जखमींना इस्पितळात पोचवता येई. आणि काहीच न करता पुलावर उभे राहून लोकलसारखी धडधडत जाणारी उन्नत रेल्वे बघताही येई. खेळात काही न करण्याची मुभा ही मला त्या भागाची सर्वांत मोठी देणगी वाटते.

वर्षभरात आलेली 'व्हाइस सिटी' मुळात तिसऱ्या भागाची पुरवणी म्हणून योजली होती. १९८६ची मायामी, गुलाबी निऑन दिवे, मोटारसायकली, हेलिकॉप्टर, टॉमी व्हर्सेटीला रे लिओटाचा आवाज. 'मायामी व्हाइस' या मालिकेतला फिलिप मायकेल थॉमस यात लान्स व्हान्स होऊन बोलतो. गाणी त्या दशकातली खरीखुरी होती आणि त्यांचा सात सीडींचा संच वेगळा विकला गेला. हैतीच्या स्थलांतरितांविषयी त्यात जी भाषा होती तिच्यावर २००३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या हैतीयन समाजाने निदर्शने केली. कंपनीने माफी मागितली आणि पुढच्या प्रतींतून ती वाक्ये काढली. तो आक्षेप रास्त होता.

महाराष्ट्रातल्या एका पिढीची या मालिकेशी ओळख झाली ती इथे. २००३ ते २००८च्या सुमारास पुण्या-नाशकापासून तालुक्याच्या गावांपर्यंत सायबर कॅफेत तासाच्या भाड्यावर पोरे जीटीए खेळत. सीडी बहुधा चोरून उतरवलेली, हे सांगायला हवे. विकत घेण्याजोगी किंमत नव्हती आणि दुकानेही नव्हती. चीट कोड वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असत. 'पँझर' टाइप केले की रणगाडा, 'अ‍ॅस्पिरिन' म्हणजे तब्येत ठणठणीत, 'लीव्हमीअलोन' म्हणजे पोलिसांचे स्टार गायब. इंग्रजी संवाद कळत नसत, म्हणून मिशन सोडून नुसते हिंडणे हाच खेळ झाला. ज्यांनी मिशन केली त्यांतले बरेच जण इमारतीत रिमोटच्या हेलिकॉप्टरने बॉम्ब ठेवायच्या त्या एका कामगिरीवर कायमचे अडकले. कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत एका फोल्डरमध्ये स्वतःची गाणी टाकली की ती गाडीच्या रेडिओवर लागत. त्यामुळे मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावरून पळणाऱ्या उघड्या गाडीत हिंदी गाणी वाजली, अजय-अतुलही वाजले. परक्यांनी रचलेल्या अमेरिकेत आपल्या पोरांनी आपला रेडिओ बसवला. त्या दिवसांची नोंद मराठीत जवळजवळ कुणीच केलेली नाही, आणि हे पुस्तक लिहिण्यामागचे ते एक मोठे कारण आहे.

मालिकेचा शिखरबिंदू माझ्या मते २००४ची 'सॅन अँड्रियास'. त्यानंतरचे भाग दिसायला कितीतरी पुढे गेले, पण इतके मोठे काळीज कुणातच नव्हते. साल १९९२. कार्ल जॉन्सन, म्हणजे सीजे, आईच्या खुनाची बातमी ऐकून पाच वर्षांनी लॉस सँटोसला परततो. विमानतळावरून बाहेर पडताच भ्रष्ट पोलीस त्याचे पैसे काढून घेतात आणि त्याला शत्रूच्या वस्तीत सोडून देतात. ग्रोव्ह स्ट्रीटवरचे त्याचे घर, गल्लीतले मित्र, क्रॅक कोकेनने पोखरलेली वस्ती, त्या धंद्यात आतून सामील झालेला बिग स्मोक. कृष्णवर्णीय नायक घेऊन एवढ्या खर्चाचा खेळ तोवर क्वचितच कुणी केला होता. लेखनात डीजे पूह हे लॉस एंजेलिसचेच कलावंत सहभागी होते आणि गल्लीतल्या बोलण्याचा अस्सलपणा त्यातून आला. कथेच्या शेवटी सॅम्युएल एल. जॅक्सनचा आवाज लाभलेला टेनपेनी हा पोलीस निर्दोष सुटतो आणि शहर पेटते. रॉडनी किंगला मारहाण करणारे पोलीस एप्रिल १९९२ मध्ये सुटले तेव्हा लॉस एंजेलिस असेच पेटले होते. इथे शहर आणि कथा पहिल्यांदा एकजीव झाली. दंगल ही एखाद्या मिशनची पार्श्वभूमी नव्हती. तुम्ही घराबाहेर पडलात की ती सगळीकडे चालू होती.

तीन शहरे, मधली खेडी, वाळवंट, डोंगर असा तो प्रदेश. सीजेला खावे लागे. जास्त खाल्ले तर तो लठ्ठ होई, व्यायामशाळेत गेला तर पिळदार. पोहणे त्याला यायचे, आधीचे नायक पाण्यात पडले की मरत. आणि डोंगरावरून सायकल सोडून खाली येताना दिसणारे ते धुरकट नारिंगी आकाश. लॉस एंजेलिसची हवा त्या रंगाने दाखवणाऱ्यांनी शहर नीट पाहिले होते.

त्याच खेळाने मालिकेला सर्वांत मोठ्या संकटात टाकले. विकसकांनी बंद करून ठेवलेला एक लैंगिक प्रसंग प्रोग्रॅममध्ये शिल्लक राहिला होता. २००५ मध्ये एका हौशी प्रोग्रॅमरने तो उघडून दाखवला. हे 'हॉट कॉफी' प्रकरण. जुलैमध्ये अमेरिकेतल्या मानांकन मंडळाने खेळाला 'फक्त प्रौढांसाठी' हा शिक्का मारला, मोठ्या दुकानांनी प्रती परत पाठवल्या, सिनेटर हिलरी क्लिंटन यांनी चौकशीची मागणी केली. या आणि अशा खेळांविरुद्ध वर्षानुवर्षे खटले चालवणारे वकील जॅक थॉम्प्सन यांची सनद २००८ मध्ये रद्द झाली. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाचा हिंसक खेळांविषयीचा कायदा रद्द करताना व्हिडिओ गेमला पुस्तक-नाटक-सिनेमाइतकेच अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, असा निर्वाळा दिला.

मराठी वाचकाला ही वाट ओळखीची वाटेल. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या खटल्यात अडकली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला दोषमुक्त केले. 'सखाराम बाइंडर' या नाटकाला १९७२ मध्ये परिनिरीक्षण मंडळाशी झगडावे लागले. नव्या कलेला, किंवा कलेतल्या नव्या माणसांना, समाज आधी कोर्टात भेटतो. म्हणून आक्षेप घेणारे सगळे मूर्ख होते असे मात्र मी म्हणणार नाही. खेळ खेळून मुले हिंसक होतात का, या प्रश्नावर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांना तसा संबंध आढळला नाही. पण या एकाच प्रश्नावर सगळी शक्ती खर्च झाली आणि खरा दोष सुटून गेला. या शहरांत बाई बहुतेक वेळा वेश्या असते, प्रेयसी असते किंवा बडबडणारी बायको असते. रस्त्यावरच्या भिकाऱ्याला, रेडिओवरच्या मूर्ख निवेदकालाही स्वतःचा आवाज देणाऱ्या लेखकांना इतकी वर्षे एक सबंध बाई लिहिता आली नाही. माझा या मालिकेवरचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

एप्रिल २००८ मध्ये चौथा भाग आला. निको बेलिक हा युगोस्लाव्हियाच्या युद्धातून होरपळून आलेला स्थलांतरित. भाऊ रोमनने पत्रांतून बंगला, गाड्या, श्रीमंती रंगवलेली. बोटीतून उतरल्यावर दिसते ती झुरळे फिरणारी खोली. बंदरातल्या पुतळ्याच्या आत शिरले तर साखळदंडांनी बांधलेले एक धडधडते काळीज आहे. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक बुडण्याला तेव्हा साडेचार महिने अवकाश होता. नव्या गेम इंजिनामुळे माणसे धक्का लागला की खरी तोल जाऊन पडत, गाड्या जड वाटत. अनेकांना हा भाग उदास वाटला आणि रोमनचे सततचे फोन नकोसे झाले. परदेशी नोकरीला गेलेल्या आणि घरी पाठवलेल्या फोटोंत फक्त बरे तेच दाखवणाऱ्या माणसांना तो वेगळा दिसेल.

सप्टेंबर २०१३चा पाचवा भाग तीन नायकांचा. तीन दिवसांत एक अब्ज डॉलरची विक्री झाली. आजवर वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. लॉस सँटोस पुन्हा उभे राहिले, इतके बारकाईने की दुपारच्या उन्हात डांबर तापलेले जाणवते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला 'जीटीए ऑनलाइन' सुरू झाले आणि मालिकेची दिशा बदलली. एका माणसाची गोष्ट सांगणारे शहर आता हजारो माणसांची बाजारपेठ झाले. खेळातले पैसे खऱ्या पैशांनी विकत घ्यायचे, त्यासाठी 'शार्क कार्ड'. अनेक वर्षे 'लवकरच उघडत आहे' अशी पाटी मिरवणारा कॅसिनो २०१९ मध्ये खरोखर उघडला आणि काही देशांतल्या खेळाडूंना तिथल्या जुगाराच्या कायद्यामुळे आतले जुगाराचे खेळ बंद राहिले. पाचव्या भागाच्या कथेला पुरवणी मात्र कधीच मिळाली नाही. एका गोष्टीतून कंपनीचा कल दिसतो. ऑनलाइन खेळ सुरू व्हायला अनेक मिनिटे लागत. वर्षानुवर्षे तक्रारी होत राहिल्या. शेवटी २०२१ मध्ये एका बाहेरच्या प्रोग्रॅमरने शोधून काढले, की विक्रीच्या वस्तूंची भलीमोठी यादी अत्यंत वेंधळ्या पद्धतीने वाचली जात होती. त्याच्या दुरुस्तीने हा वेळ सुमारे सत्तर टक्क्यांनी घटला. कंपनीने त्याला दहा हजार डॉलर दिले आणि दुरुस्ती स्वीकारली.

तरी लोकांनी त्या शहरात स्वतःचे काही उभे केले. रोल-प्ले सर्व्हरवर कुणी डॉक्टर होते, कुणी टॅक्सीवाला, कुणी हवालदार, आणि तासन्‌तास त्या भूमिकेतून बाहेर येत नाही. मे २०२०च्या टाळेबंदीत एका ऑनलाइन दुकानाने पाचवा भाग फुकट वाटला आणि भारतात खेळणारे एकदम वाढले. आज हिंदीतून चालणाऱ्या अशा सर्व्हरांना मोठा प्रेक्षक आहे. १९९५ मध्ये ज्या पोलिसाच्या भूमिकेत कुणाला गोडी वाटेना, ती आज माणसे हौसेने घेतात, सिग्नलही पाळतात. समोरच्या गाडीत प्रोग्रॅमच्या जागी माणूस बसला, म्हणून हे घडले.

शहरे बांधणाऱ्या हातांविषयीही बोलले पाहिजे. २०१८ मध्ये आठवड्याला शंभर तासांच्या कामाचा उल्लेख डॅन हाउझर यांच्याच मुलाखतीत आला आणि या धंद्यातल्या राबणुकीवर जगभर चर्चा झाली. २०२५ मध्ये रॉकस्टारच्या ब्रिटन आणि कॅनडातल्या तीसहून अधिक कर्मचाऱ्यांना काढण्यात आले. कामगार संघटना म्हणते हे संघटन मोडण्यासाठी, कंपनी म्हणते गोपनीय माहिती बाहेर दिली म्हणून. लेस्ली बेंझीस, डॅन हाउझर आणि रेडिओवरचे लाझलो हे आधीच बाहेर पडले आहेत. आणि काम आता बंगळुरूतही चालते. १९९७ मध्ये सुरू झालेला 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' हा भारतातला जुना गेम स्टुडिओ रॉकस्टारने २०१९ मध्ये घेतला आणि आपल्या भारतीय शाखेत मिळवला. तागाचा प्रवास उलट्या दिशेने सुरू झाला, असे म्हणायचा मोह होतो. पण गिरणीची मालकी तेव्हाही इथे नव्हती, आताही नाही.

सहाव्या भागाची पहिली झलक डिसेंबर २०२३ मध्ये आली आणि चोवीस तासांत नऊ कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली. फ्लोरिडावर बेतलेले लिओनिडा राज्य, पुन्हा व्हाइस सिटी, आणि तुरुंगातून सुरू होणारी लुसिया. त्रिमितीय मालिकेच्या मुख्य भागांत कथेच्या केंद्रस्थानी स्त्री प्रथमच येते आहे. माझा आक्षेप ती दूर करते का, हे खेळल्यावरच कळेल. दोनदा पुढे ढकलल्यावर जाहीर झालेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ ही आहे.

आपल्या शहरांचे काय, हा प्रश्न शेवटच्या प्रकरणात येतो. मुंबईच्या एका स्टुडिओने २०२० मध्ये 'मुंबई गल्लीज' या खेळाची घोषणा केली. नामदेव ढसाळ आणि भाऊ पाध्ये यांनी मुंबईचे जे पोट मराठीत दाखवले ते वाचलेल्या कुणी तरी अशा खेळाची पटकथा लिहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वाचकांना दोन विनंत्या. या खेळांच्या पाकिटावरचा १८ हा आकडा खरा आहे. घरात लहान मूल असेल तर तो पाळा. आणि ज्यांनी यातला एकही खेळ खेळलेला नाही त्यांनी पुस्तक क्रमाने वाचू नये. आधी 'सॅन अँड्रियास'वरचे प्रकरण वाचावे, मग डंडीकडे वळावे.